मेरी ॲन क्रॅबट्री : सोन्याच्या खाणींत गाणं नेणारी बाई

मंद्रसप्तक

सॅन फ्रान्सिस्कोत मार्केट स्ट्रीटवर ओतीव लोखंडाचं एक उंच कारंजं आहे. लोट्टा क्रॅबट्री या नटीने १८७५ साली ते शहराला भेट दिलं. लोट्टा त्या काळी अमेरिकेतल्या सर्वांत जास्त कमावणाऱ्या कलावंतांपैकी होती, आणि तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला लिहायचंय ते तिच्या आईवर. मेरी ॲन स्वतः रंगमंचावर गाजली नाही, पण कॅलिफोर्नियाच्या खाणवस्त्यांना जे गाणं मिळालं त्यामागे तिचे कष्ट आणि तिची नजर होती. तिला 'लोट्टाची कडक आई' एवढ्यावर निकालात काढतात, ते मला फार खटकतं.

जानेवारी १८४८ मध्ये कोलोमा इथे सटरच्या लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोनं दिसलं आणि जगभरातून माणसं कॅलिफोर्नियाकडे धावली. न्यू यॉर्कमध्ये पुस्तकांचं दुकान चालवणारा जॉन क्रॅबट्री त्यांतलाच एक. तो पुढे गेला. बायको आणि १८४७ साली जन्मलेली मुलगी मागून निघाल्या, पनामामार्गे. तेव्हा तिथे रेल्वे नव्हती, ती पूर्ण झाली १८५५ मध्ये. म्हणजे आधी बोट, मग चाग्रेस नदीतून होडी, मग चिखलातून खेचरावर, वर तापाची आणि पटकीची भीती, आणि पलीकडे पुन्हा बोट. १८५३ मध्ये मायलेकी सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्या तेव्हा जॉन धक्क्यावर न्यायलाही आलेला नव्हता.

त्या शहरात नाटकगृहं धो धो चालत होती आणि छोट्या मुलींच्या कामांवर प्रेक्षक खूश होते. मेरी ॲनने हे पाहिलं आणि मनात ठेवलं. पुढे कुटुंब ग्रास व्हॅलीला गेलं. नवरा सोन्याच्या मागे फिरत राहिला, हाताला काही लागलं नाही. हिने खाणकामगारांसाठी खानावळ उघडली. राहायला खाट आणि दोन वेळचं जेवण. अशी खानावळ चालवायची म्हणजे पहाटे चूल पेटवायची आणि रात्री शेवटचं भांडं घासून झोपायचं. घरात पैसा येत होता तो तिच्या हातून.

त्याच मिल स्ट्रीटवर, दोन घरं सोडून म्हणावं इतक्या जवळ, लोला मॉन्टेझ राहायला आली. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या राजाला, पहिल्या लुडविगला, १८४८ मध्ये गादी सोडावी लागली त्या सगळ्या प्रकरणातली ही नर्तकी, त्याची प्रेयसी. गावातल्या सभ्य बायका तिच्या सावलीलाही उभ्या राहत नसत. मेरी ॲनने मात्र मुलीला तिच्याकडे जाऊ दिलं. लोलाने लोट्टाला नाचाचे पदन्यास दाखवले, गाणी शिकवली. जवळच्या रफ अँड रेडी गावात लोहाराच्या ऐरणीवर तिने या पोरीला उभं केलं आणि ऐरणीच्या ठोक्यावर ती नाचली, अशी आख्यायिका त्या भागात आजही सांगतात. लोला १८५५ मध्ये ऑस्ट्रेलियाला निघाली तेव्हा मुलीला बरोबर नेऊ का म्हणाली, आणि आईने साफ नकार दिला, असंही सांगतात. शिकायला पाठवली, पण हातची जाऊ दिली नाही. या बाईचा स्वभाव मला इथे दिसतो.

मग क्रॅबट्री मंडळी आणखी उत्तरेला डोंगरात रॅबिट क्रीकला गेली. १८५७ पासून या गावाचं नाव ला पोर्ट. पुन्हा खानावळ. तिथे मार्ट टेलर नावाचा माणूस गुत्ता आणि त्याला जोडून छोटंसं नाट्यगृह चालवायचा. स्वतः गायचा, नाचायचा. त्याच्या रंगमंचावर आठेक वर्षांची लोट्टा पहिल्यांदा पैशासाठी उभी राहिली. हिरवा कोट, गुडघ्यापर्यंतची विजार, उंच टोपी, हातात सोटा, असा आयरिश वेश. आयरिश जिग झाला. मग पोर कपडे बदलून आली, पांढऱ्या झग्यात, आणि घराची आठवण येईल असं एक हळवं गाणं गायली. समोर महिनोन्‌महिने आईचं, बायकोचं, लेकराचं तोंड न पाहिलेले पुरुष. १८५० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियात शंभर माणसांत आठ बायकाही नव्हत्या, आणि मूल दिसणं तर त्याहून दुर्मीळ. खाणकामगारांनी नाणी फेकली, सोन्याचे खडे फेकले. आणि आई मंचावर वाकून ते एक न्‌ एक वेचून पदरात, म्हणजे तिच्या एप्रनमध्ये, गोळा करत होती.

हे वेचणं अनेकांना हावरटपणाचं वाटतं. मला नाही वाटत. आदल्या दिवशीपर्यंत हीच बाई त्याच माणसांची भांडी घासत होती.

त्यानंतर टेलरबरोबर मायलेकी गावोगाव फिरल्या. खेचरांच्या वाटा, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. वस्तीत पोचलं की जागा मिळेल तिथे मंच, फळ्या टाकून नाहीतर बिलियर्डची टेबलं जोडून. पुढे मेणबत्त्यांची ओळ. कपडे आईने बेतलेले, गाण्यांचा क्रम आईने ठरवलेला, हिशेब आईचा. कागदी नोटांवर आणि बँकांवर तिचा विश्वास नव्हता. सोनं आधी पिशवीत आणि पिशवी उचलेनाशी झाली तेव्हा पेटाऱ्यात. १८५६ मध्ये कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला परतलं, १८५९ पर्यंत लोट्टा 'सॅन फ्रान्सिस्कोची लाडकी' म्हणून जाहिरातीत झळकू लागली, आणि १८६४ मध्ये ती पूर्वेकडे गेली. त्यापुढची कथा सगळीकडे मिळते.

माझं म्हणणं एवढंच की खाणवस्तीच्या संगीताचा इतिहास लिहिताना मेरी ॲनला आद्य महिलांमध्ये स्वतंत्र जागा हवी. गाणं नुसतं गळ्यातून येत नाही. ते डोंगर चढवून न्यावं लागतं. तुमची मतं वाचायला आवडतील.

---

घाटमाथा

सुंदर लिहिलंय. आमच्याकडे तमाशात दौलतजादा व्हायचा, तसंच हे. फरक इतकाच दिसतो की इथे पैसा मध्ये कुणाच्या हातात न जाता सरळ घरच्या बाईकडे गेला.

एक शंका. ही गाणी नेमकी कुठली? साथीला काय असायचं? डोंगरात पियानो कसा पोचणार?

---

मंद्रसप्तक

@घाटमाथा, गाणी बहुतेक आयरिश, स्कॉटिश आणि इंग्लिश लोकगीतं, नाहीतर तेव्हा शहरांत लोकप्रिय झालेली हळवी घरगुती गीतं. लोकांना आधीपासून पाठ असलेलीच चालायची. नवीन काही ऐकवून दाद मिळवण्याची ती जागा नव्हती.

साथीला फिडल, गिटार, बॅन्जो, ट्रँगल, जे खेचरावर बांधून नेता येईल ते. पियानो दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला यायचे आणि पुढे बैलगाड्यांतून किंवा खेचरांच्या गाड्यांतून मोठ्या गावांत चढवायचे. ग्रास व्हॅली, नेवाडा सिटीसारख्या गावांत ते जमलं. रॅबिट क्रीकसारख्या आडवळणी ठिकाणी हलकी वाद्यंच खरी. बॅन्जो लोट्टा जेक वॉलेस नावाच्या कलाकाराकडून शिकली आणि पुढे आयुष्यभर तो तिची ओळख झाला.

---

यमनप्रेमी

जेक वॉलेस! पुच्चिनीच्या 'ला फान्चुल्ला देल वेस्ट' या ऑपेरात पहिल्याच अंकात खाणवस्तीत गात येणारा जो गवई आहे त्याचं नाव हेच. तो प्रवेश ऐकून पाहा. घराच्या आठवणीचं गाणं सुरू होतं, एकेक खाणकामगार त्यात सूर मिसळतो आणि शेवटी एकाला रडू कोसळतं. मंद्रसप्तकांनी वर रॅबिट क्रीकचं जे वर्णन केलंय, तेच सुरांत मांडलेलं आहे.

ऑपेरा ज्या नाटकावर बेतला आहे त्याचा लेखक डेव्हिड बेलास्को सॅन फ्रान्सिस्कोचाच. आणि एक मजेशीर योग: हा ऑपेरा न्यू यॉर्कला १० डिसेंबर १९१० रोजी पहिल्यांदा झाला, आणि त्याच महिन्यात, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, लुईझा तेत्राझिनी ही इटालियन गायिका लोट्टाच्या कारंज्यापाशी उघड्यावर गायली. तिकीट नाही, भिंती नाहीत. रस्त्यांवर लाखोंची गर्दी होती.

---

नीलमोहर

लेख मनापासून वाचला, पण मला काही गोष्टी बोलायलाच हव्यात.

आठ वर्षांची मुलगी, रात्री उशिरा, दारूच्या गुत्त्यात, शेदोनशे पुरुषांसमोर. दुसऱ्या दिवशी खेचरावर बसून पुढचं गाव. शाळा किती झाली असेल? सोबतीची मुलं? लोट्टाने लग्न केलं नाही, आई १९०५ मध्ये जाईपर्यंत तिचा पैसा, करार, गाठीभेटी सगळं आईच्या हातात होतं. याला 'आईचं कर्तृत्व' म्हणताना जीव अडखळतो. खाणवस्तीला गाणं मिळालं, पण ते एका पोरीच्या बालपणातून मिळालं. मेरी ॲनला आद्य महिलेचा मान द्या, माझी हरकत नाही. पण त्या मानाखाली हे झाकलं जाऊ नये.

---

मंद्रसप्तक

@नीलमोहर, हे तुम्ही मांडलंत ते बरं झालं. बालपण गेलं हे खरंच आहे, त्यावर पांघरूण घालावं असं मी म्हणणार नाही.

फक्त पर्याय काय होते तेही पाहावं असं वाटतं. पुढे पाठोपाठ दोन मुलगे झाले, घरात नवऱ्याचा पैसा नाही, बाईला त्या वस्तीत मिळणारी कामं म्हणजे स्वयंपाक, धुणं, शिवण, नाहीतर गुत्त्यातलं आयुष्य. मेरी ॲन प्रत्येक मंचाशेजारी स्वतः उभी राहिली. मुलीला एकटी कुठेही पाठवली नाही, लोलाबरोबरसुद्धा नाही. आणि जे कमावलं ते उडवलं नाही. ज्या ज्या शहरात दौरा जाई तिथे जमिनी आणि इमारती घेतल्या, तेही मुलीसाठी. लोट्टा १८९१ च्या सुमारास, चव्वेचाळिशीत, पैशाची चिंता न करता रंगमंचावरून उतरू शकली ती त्यामुळे. त्या काळच्या किती नट्यांना हे जमलं?

---

नीलमोहर

मंचाशेजारी उभी राहिली, हे पटतं. बाकी माझं मत कायम आहे.

---

सह्यकडा

खाणींशी नोकरीचा संबंध असल्याने थोडं त्या अंगाने लिहितो.

ग्रास व्हॅली आणि रॅबिट क्रीक या दोन गावांची खाणकामं वेगळी होती, आणि तिथलं गाणंही त्यामुळे वेगळ्या वाटेने गेलं. रॅबिट क्रीकला सोनं जुन्या नदीपात्रांच्या गाळात, वाळूत आणि गोट्यांत. आधी हाताने, मग पाण्याच्या जबर फवाऱ्याने डोंगर कापून ते काढायचे. अशा वस्तीत माणूस टिकत नाही. दुसरीकडे सोनं लागलं की तंबू गुंडाळून निघाला. तिथे गाणं म्हणजे फिरत्या मंडळींची एक रात्र. फवाऱ्याच्या खाणकामाचा गाळ खालच्या शेतांत आणि नद्यांत भरू लागल्यावर १८८४ मध्ये न्यायालयाने त्याला चाप लावला आणि अशा बऱ्याच वस्त्या ओसरल्या.

ग्रास व्हॅलीला १८५० मध्ये क्वार्ट्झच्या शिरेत सोनं सापडलं. म्हणजे कठीण खडकात खोल उतरायचं, यंत्रं बसवायची, खडक कुटायचा, पंपाने पाणी उपसायचं. एम्पायर माइन १८५० पासून १९५६ पर्यंत चालली. ५८ लाख औंस सोनं आणि ३६७ मैलांचे बोगदे. या कामाला इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले, पिढ्यान्‌पिढ्या कथिलाच्या आणि तांब्याच्या खाणीत काम केलेले लोक आले. बायकामुलांसकट आले आणि राहिले. चर्च आलं, चर्चबरोबर गायनवृंद आला. कॉर्निश नाताळगीतांची परंपरा त्या गावात आजही जिवंत आहे, दर डिसेंबरला वृंद रस्त्यावर उभा राहून गातो. खाणीत डब्यात न्यायच्या पास्टीही (मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या) तिथे दुकानात मिळतात.

मेरी ॲनचं काम या दोन काळांच्या सांध्यावर येतं. स्थिर गाव आणि स्थिर गायनवृंद तयार होण्याआधीच्या त्या थोड्या वर्षांत लोकांच्या कानावर चांगलं काही पडलं ते अशा फिरत्या बिऱ्हाडांमुळे.

---

अवंती_सिएरा

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, बे एरियात राहते. हायवे ४९ वरून ग्रास व्हॅलीला गेलात तर मिल स्ट्रीटवर लोला आणि लोट्टा या दोघींच्या घरांच्या जागा पाहायला मिळतात; दोन्ही राज्याच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहेत. लोलाचं आजचं घर नंतर पुन्हा बांधलेलं आहे. एम्पायर माइनचं आता राज्य उद्यान झालंय. तिथे मुख्य विवराच्या तोंडाशी उभं राहून खाली पाहता येतं. रूळ तिरपे अंधारात उतरत जातात आणि खालून गार, ओलसर हवा अंगावर येते. आठ-दहा तास त्यात काढून वर आलेल्या माणसाला संध्याकाळी गाणं का हवं असेल, हे मला तिथे उभं राहून कळलं.

लोलाचा भारताशी जवळचा संबंध होता हे इथे सांगायला हवं. तिचं खरं नाव एलायझा गिल्बर्ट, जन्म आयर्लंडचा. वडील कंपनी सरकारच्या काळात सैन्यात, लहानग्या मुलीला घेऊन भारतात आले आणि पटण्याजवळ दानापूरला पटकीने वारले. ती पुढे लेफ्टनंट जेम्सशी लग्न करून पुन्हा भारतात आली. १८३९ मध्ये सिमल्याला गव्हर्नर जनरल ऑकलंडची बहीण एमिली ईडन हिने आपल्या पत्रांत या देखण्या 'मिसेस जेम्स'विषयी लिहून ठेवलंय. दानापूर, सिमला, म्युनिक आणि मग ग्रास व्हॅलीतल्या पोरीला नाच शिकवणं. एका आयुष्यात!

---

तिस्ता

धागा छान चाललाय. पण दोन गोष्टी राहून जातायत.

एक, बॅन्जो. हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या परंपरेतलं. गोऱ्या कलाकारांनी ते मिन्स्ट्रेल खेळांतून उचललं. त्या खेळांत तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टवाळी चालायची. लोट्टानेही तोंड काळं करून भूमिका केल्या आहेत. तिच्या लोकप्रियतेचा एक पाय तिथे आहे.

दुसरं, त्या डोंगरांत गाणं मेरी ॲनच्या आधी नव्हतं असं नाही. ग्रास व्हॅली ही निसेनान या मूळ रहिवासी लोकांची भूमी. त्यांची गाणी, त्यांचे नाच तिथे शेकडो वर्षं होते. सोन्याच्या लोंढ्यात त्यांची गावं उठली आणि माणसं रोगांनी, उपासमारीने आणि हिंसेने मेली. चिनी कामगारही होते. १८५० मध्ये परदेशी खाणकामगारांवर महिन्याला २० डॉलर कर बसला. चिनी कामगारांसाठी १८५२ मध्येच चिनी ऑपेराची मंडळी सॅन फ्रान्सिस्कोत येऊन खेळ करून गेली. 'खाणवस्तीला गाणं कुणी दिलं' या प्रश्नात ही माणसंही यायला हवीत.

---

मंद्रसप्तक

@तिस्ता, दोन्ही मुद्दे पूर्ण मान्य. मिन्स्ट्रेल खेळ हा त्या रंगभूमीचा कणा होता आणि त्यातली क्रूरता लोट्टाच्या गोड चेहऱ्याने कमी होत नाही. निसेनान गाण्यांविषयी तुमच्याकडे आणखी माहिती असेल तर जरूर लिहा.

@सह्यकडा, फिरता मंच आणि स्थिर गायनवृंद हा भेद मी वाचलेल्या लोट्टाच्या चरित्रांत कुणी इतका स्पष्ट मांडलेला नाही. त्यामुळे मेरी ॲनचं महत्त्व मला आणखी पटलं. तिला माहीत होतं की वस्ती उद्या नसेल, म्हणून ती एका गावात नाट्यगृह बांधत बसली नाही. पेटारा उचलून पुढे गेली.

---

शिंपले

लोट्टाच्या मृत्युपत्राचं कुणीच कसं लिहिलं नाही? १९२४ मध्ये ती बॉस्टनला वारली, स्वतःच्याच मालकीच्या हॉटेलात राहत होती. मागे सुमारे चाळीस लाख डॉलर. जवळजवळ सगळं दान: पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक, मुकी जनावरं, म्हातारे झालेले गरीब नट, तुरुंगातून सुटलेले लोक, शेतीचं शिक्षण घेऊन शेती करू पाहणारी मुलं. यातला एक निधी तिने आईच्या नावाने ठेवला.

नीलमोहर, तुमचा मुद्दा मला पटतो, तरी हे नाव तिने स्वतः दिलंय हेही मोजायला हवं.

---

नीलमोहर

@शिंपले, मोजते. मुलींचं आईशी असलेलं नातं एकाच वाक्यात बसत नाही. तिने निधीला आईचं नाव दिलं म्हणून ती लहानपणी दमली नसेल असं नाही, आणि दमली म्हणून तिचं प्रेम खोटं असंही नाही.

---

घाटमाथा

कारंज्याविषयी वाचताना कळलं की १९०६ च्या भूकंपात आजूबाजूचं शहर जळालं आणि हे टिकलं. ताटातूट झालेली माणसं एकमेकांना शोधायला तिथे जमत, निरोप लावून जात. अजूनही १८ एप्रिलला पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी, भूकंपाच्या वेळेला, लोक तिथे जमतात. अवंती, तुम्ही कधी गेलात का?

---

अवंती_सिएरा

@घाटमाथा, गेले आहे. अंधारात मार्केट स्ट्रीट बंद करतात, अग्निशमन दलाचे लोक येतात, भोंगा वाजतो, पुष्पचक्र वाहतात आणि मग सगळे मिळून गातात. बरेचजण १९०६ च्या काळातले कपडे घालून येतात.

---

यमनप्रेमी

याच भागातल्या आणखी एका गायिकेवर वेगळा धागा निघायला हवा: एमा नेवाडा. १८५९ मध्ये नेवाडा सिटीजवळच्या आल्फा नावाच्या खाणवस्तीत जन्म, आडनाव विक्सम, वडील डॉक्टर. वाढली नेवाडा सिटीत आणि नेवाडा राज्यातल्या ऑस्टिन या चांदीच्या खाणीच्या गावात. व्हिएन्नाला माथिल्ड मार्केसीकडे शिकली, १८८० मध्ये लंडनला बेल्लिनीच्या 'ला सोन्नाम्बुला'मध्ये पदार्पण, आणि रंगमंचावर गावाचंच नाव लावलं. लोट्टा युरोपातल्या ऑपेराच्या वाटेला गेली नाही, एमा थेट तिथे पोचली. दोघींचं बालपण एकाच डोंगररांगेतलं, अंतर बारा वर्षांचं.

---

मंद्रसप्तक

@यमनप्रेमी, तुम्हीच काढा तो धागा. ऑस्टिनच्या चर्चमधल्या तिच्या लहानपणच्या गाण्यापासून सुरुवात करा, आणि मार्केसीच्या शिकवण्याच्या पद्धतीवर सविस्तर लिहा. गळ्यावरच्या मेहनतीबद्दल इथे अनेकांना वाचायचं असतं.